सातपूरची शेड की गावठाणातली वखार?

बंद पडलेल्या औद्योगिक वास्तूत लोकांसाठी सभागृह, वाचनालय असं काही उभं करायचं ठरलं की नाशिकमध्ये दोन पर्याय समोर येतात: सातपूर-अंबडची लोखंडी कैच्यांची (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांची) शेड, किंवा गावठाणातली विटा-चुन्याची, सागवानी तुळयांची वखार.

शेडमध्ये मधे खांब नसतात आणि गर्दीचा भार थेट जमिनीवर जातो. सभागृहाला, तालमीला यासारखी जागा नाही. पण भूखंड एमआयडीसीच्या भाडेपट्ट्यावर असतो. वापरबदलाची परवानगी आधी, आराखडा नंतर. खरा खर्च छपराचा. जुने सिमेंटचे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. ते फोडू नका, ग्राइंडरने कापू नका. पाणी मारून ओले करा, अखंड उतरवा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून घातक कचऱ्याच्या परवानाधारक केंद्राकडे पाठवा. यानंतरची गोष्ट बरेच जण विसरतात. जुना पत्रा चौरस मीटरला सुमारे 13 किलो, नवा 0.5 मिमीचा रंगीत पत्रा जेमतेम 5 किलो. छप्पर हलकं झालं की वारा ते उचलू पाहतो. म्हणून पर्लिनचे (पत्रे ज्यावर बसतात त्या आडव्या पट्ट्यांचे) जोड आणि खांबांना पायाशी धरून ठेवणारे अँकर बोल्ट पुन्हा तपासायलाच हवेत. खांबांचे पाय आणि पन्हाळीखालचे कोपरे आधी गंजतात. पत्र्याखाली 50 मिमी रॉकवूल (आवाज शोषणारा खनिज लोकरीचा थर) घाला, नाहीतर पावसात बोललेलं ऐकू येणार नाही. आणि क्रेन, यंत्रांचे पाये, खात्यांच्या पाट्या कृपा करून भंगारात देऊ नका. कामगारांची आठवण त्यातच आहे.

वखारीचा प्रश्न वरच्या मजल्याचा. खुल्या सभेसाठी भारतीय मानक चौरस मीटरला सुमारे 500 किलो भार धरतं, पुस्तकांच्या रॅकसाठी त्याहून जास्त. जुन्या लाकडी तक्तपोशीकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये, कपाटं तळमजल्यावरच. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक टोचणीने तपासा: बाहेरून धड दिसणारं लाकूड तिथे आतून कुजलेलं निघतं. भिंतींना सिमेंटचा गिलावा नको. ओल आत कोंडते, क्षार फुलतात, विटेचा पापुद्रा सुटतो. चुन्याचंच काम करा, पण दिवाळीनंतर सुरू करून पावसाळ्याआधी संपवा.

जागा गोदेच्या पूररेषेत असेल तर तळमजल्यावर पुस्तकं नकोत आणि वर ती पेलत नाहीत. अशी वखार वाचनालयासाठी घेऊच नका. पूररेषेबाहेरची, शाबूत तुळयांची मिळाली तर वाचनालय-संग्रहालयासाठी आमचं मत तिलाच. सभागृह हवं असेल तर शेड.