‘ग्रीन अनियन्स’ की ‘व्हॉट्ड आय से’: बँडने आधी कोणतं बसवावं?

दोन्ही गाणी रिदम अँड ब्लूजची, दोन्ही बारा बारच्या (एक बार म्हणजे चार मात्रा) आवर्तनातली आणि दोन्ही आयत्या वेळी जमलेली. तरीही बसवताना ती अगदी वेगळी पडतात.

‘ग्रीन अनियन्स’ 1962 चं. मेम्फिसमध्ये जुन्या सिनेमागृहात थाटलेल्या स्टॅक्स स्टुडिओत गायक बिली ली रायलीसाठी वादक बोलावले होते. मधल्या मोकळ्या वेळात त्यांनी एक संथ ब्लूज छेडला आणि मालक जिम स्टुअर्टने तो टेपवर घेतला. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला काहीतरी हवं, म्हणून 17 वर्षांच्या बुकर टी. जोन्सने आधीपासून हातात घोळत असलेली एक चाल ऑर्गनवर काढली. शेवटी गाजली ती हीच बाजू.

‘व्हॉट्ड आय से’ मात्र स्टेजवर जन्मलं. डिसेंबर 1958 मध्ये ठरलेली गाणी संपली, वेळ उरला, आणि गायक-पियानोवादक रे चार्ल्सने वाजवायला सुरुवात करून साथीदारांना मागून यायला सांगितलं. रेकॉर्डिंग झालं फेब्रुवारी 1959 मध्ये.

गायक नसेल तर प्रश्नच नाही, ‘ग्रीन अनियन्स’ घ्या; त्यात गायनच नाही. ऑर्गन, गिटार, बास, ड्रम्स, एवढी चार माणसं पुरतात. पांढरी चार सा धरा. चाल सा, कोमल ग, म या स्वरांभोवती फिरते. 48 मात्रांचं आवर्तन असं: सा वर 16, म वर 8, पुन्हा सा वर 8, प वर 4, म वर 4, सा वर 8. म आणि प वर तीच चाल तशीच सरकवायची. नवे बँड चुकतात ते प वर. तिथे चारऐवजी आठ मात्रा रेंगाळतात आणि बास एकीकडे, ऑर्गन दुसरीकडे जातो.

लय मिनिटाला साधारण 138 मात्रा, पण झोका शफलचा, म्हणजे प्रत्येक मात्रेचा पहिला भाग लांब आणि दुसरा आखूड. सरळ वाजवलं की गाणं मार्चसारखं होतं. मूळ रेकॉर्डिंगमधले अल जॅक्सन ज्युनियरचे ड्रम्स नीट ऐका: मधल्या जागा भरणारे जादा ठोके जवळजवळ नाहीतच. स्टीव्ह क्रॉपरची गिटारही तुटक घाव घालून थांबते, आणि त्या रिकाम्या जागांवरच सगळी मजा आहे. ऑर्गनवर बोट कितीही जोरात दाबलं तरी आवाज वाढत नाही, म्हणून पट्टी केव्हा सोडायची याचाच रियाज करा. पेटीवाल्यांना हे लवकर जमतं.

‘व्हॉट्ड आय से’ पांढरी तीनमध्ये आहे. यात वुर्लित्झर इलेक्ट्रिक पियानो आहे: हातोडी धातूच्या रीडवर पडते, जोरात मारलं की आवाज फाटतो, आणि तो हवाच असतो. डाव्या हाताची चाल न थकता चालली पाहिजे. ड्रम्स लॅटिन वळणाचे, शफल नाही. ‘ग्रीन अनियन्स’ पाठ केलेला ड्रमर इथे हमखास घसरतो. कडव्यांत पहिले चार बार वाद्यं थांबून फक्त ठोके देतात. शिवाय सवाल-जवाबासाठी किमान दोन मागच्या गायिका लागतात. त्या नसतील तर उत्तरार्ध पोकळ वाटतो.

मूळ रेकॉर्डिंग सहा मिनिटांहून मोठं, म्हणून सिंगलच्या (छोट्या रेकॉर्डच्या) दोन बाजूंवर विभागलेलं. मध्ये गाणं खोटंच संपतं आणि पुन्हा सुरू होतं. तिथे पुन्हा कोण उचलणार आणि कोणाच्या इशाऱ्यावर, हे तालमीतच ठरवून घ्या.