गळ्यावरची गाठ आणि ३४,६५० रुपये

माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या गळ्याच्या मधोमध एक गाठ होती आणि त्याने जीभ बाहेर काढली की ती वर सरकत असे. बेळगावच्या सर्जननी सोनोग्राफी पाहून ही थायरोग्लॉसल सिस्ट, म्हणजे गर्भात थायरॉईड जिभेकडून गळ्यात उतरते त्या वाटेवर राहिलेली पाण्याची पिशवी, असल्याचे आणि थायरॉईड ग्रंथी जागेवर असल्याचे सांगितले; नुसती गाठ काढली किंवा सुईने पाणी ओढले तर ती पुन्हा भरण्याची भीती असते, म्हणून सिस्ट्रंक शस्त्रक्रियेत गाठीसोबत जिभेच्या मुळाशी असलेल्या हायॉइड हाडाचा मधला भागही काढतात, हेही समजावले. हाडाचे नाव ऐकताच माझे धैर्य सुटले. मी अडाणी नाही, पण ज्याच्या पोराच्या गळ्यावर सुरी चालायची आहे त्यानेच मला हसावे.

त्याच आठवड्यात चिकोडीच्या बसस्थानकावर भेटलेल्या एका 'सज्जना'ने पुतणीची अशीच गाठ जिरल्याचे सांगून आम्हाला सीमेपलीकडच्या, महामार्गावरील लॉजवर उतरलेल्या वैद्याकडे नेले. असले सज्जन कोणाचे असतात हे वेगळे सांगायला नको. तपासणीचे ५०० आणि लेपाचे ९,३५० रुपये झाले. तोळाभर लागणारे भस्म आमच्यासमोर खलता खलता चार तोळे झाले, त्याचे ६,२०० प्रमाणे २४,८०० रुपये त्याचा माणूस दुसऱ्या दिवशी घरून घेऊन गेला.

पावतीवर औषधाचे नाव नव्हते. 'पूजा साहित्य' असे लिहिले होते. पतसंस्थेत अर्धवट व्हाउचर लोकांच्या तोंडावर परत करणारा मी, ती पावती वाचून, घडी घालून खिशात ठेवता झालो. वैद्याने मुलाला एकदाही जीभ बाहेर काढायला सांगितले नव्हते, सोनोग्राफीचे पाकीट उघडलेही नव्हते. वैद्याला त्याचा नोंदणी क्रमांक विचारा, आणि तो टाळला तर तेथूनच उठा.

लेपाने कातडी सोलवटली, गाठ पिकली, ताप चढला. इकडच्या ठाण्यात मराठी अर्ज परत करून कन्नडमध्ये आणायला सांगितले. तो आणल्यावर लॉज महाराष्ट्रात असल्याने तिकडे जा म्हणाले. तिकडच्यांनी, पैसे घरून नेले म्हणून गुन्हा कर्नाटकातला ठरवला. हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची तक्रार ठाण्याने घेतलीच पाहिजे, असे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये असल्याचे दाखवल्यावर साहेबांनी मलाच विचारले, "सुशिक्षित असून गेलात कशाला?" आरोग्य खात्याने अर्जावर शिक्का मारला, एवढेच. प्रत्येक अर्जाची पोच मात्र घ्याच.

सर्जननी आधी प्रतिजैविकांनी पू आटोक्यात आणला आणि काही आठवड्यांनी तीच सिस्ट्रंक शस्त्रक्रिया केली. मुलाचा आवाज शाबूत आहे. लेपाचा डाग मात्र टाक्यांच्या व्रणापेक्षा मोठा आहे.