नीट २०२५: ‘दोन्हींपैकी कुठलं कॉलेज हवं?’ असं विचारणाऱ्याला आम्ही ८,४६,००० रुपये दिले

मेडिकलच्या ॲडमिशनवाले एजंट कसे असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. आधी फोन, मग चकचकीत ऑफिस, मग ‘शेवटच्या दोन सीट’, टोकन, आणि शेवटी नंबर बंद. मलाही ठाऊक होतं. एकवीस वर्षं शाळेत शिकवते आहे, अडाणी नाही. तरी पैसे गेले, कारण या माणसाने आम्हाला सीट घ्या असं एकदाही म्हटलं नाही. त्याने दोन कॉलेजं समोर ठेवली आणि म्हणाला, ताई, घरी जा, शांतपणे ठरवा.

रक्कम आधीच लिहून टाकते, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. कन्सल्टन्सी फी २१,००० यूपीआयने. ‘फाइल ओपनिंग’चे १,५०,००० एनईएफटीने, कुठल्याशा ट्रस्टच्या खात्यात. ४,००,००० रोख. शेवटचे २,७५,००० आरटीजीएसने, एका बाईच्या वैयक्तिक खात्यात. त्या चार लाखांसाठी सासूबाईंच्या पाटल्या गोल्ड लोनला ठेवल्या, त्या अजून तिथेच आहेत.

४ मे २०२५ ला इंदुरात काय झालं ते इथल्या कोणाला सांगायला नको. वादळ आलं, केंद्रांवरची वीज गेली, पोरांनी अंधारात पेपर सोडवला. आमची मुलगी त्यातलीच. ४१२ गुण. हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात याचिका झाल्या, एकल न्यायाधीशांनी याचिकाकर्त्यांची परीक्षा पुन्हा घ्या म्हटलं, आणि जुलैत दोन न्यायाधीशांच्या पीठाने तो आदेश रद्द केला. त्याच आठवड्यात या एजंटाचा फोन आला. मुलीचं नाव, गुण, केंद्र, सगळं त्याला पाठ. ही माहिती त्याला कुणी विकली याचा मला पक्का अंदाज आहे, पुरावा नाही, म्हणून लिहीत नाही. (कोचिंगच्या ‘फ्री काउन्सेलिंग’च्या फॉर्मवर मोबाइल नंबर लिहू नका. एवढंच.)

आणि बोलला मराठीत. “ताई, मी रामबागेतलाच, तुमच्या गल्लीतल्या गणपतीला आरतीला यायचो.” इंदुरात कोणी असं बोललं की दार आपोआप उघडतं. घरी आला, पोहे खाल्ले, सासूबाईंना वाकून नमस्कार केला. व्यापमचा, म्हणजे मध्य प्रदेशातल्या प्रवेश-परीक्षा घोटाळ्याचा, विषयही त्यानेच काढला! म्हणे, त्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये ६३४ जणांचे प्रवेश रद्द केले, म्हणून मी दोन नंबरचं काम करतच नाही, सगळं व्हाइट. व्यापमची २०१३ ची धरपकड याच शहरात झाली, ते सगळं पेपरात वाचलेल्या बाईसमोर हे बोलायला जिगर लागते.

गीता भवनजवळच्या ऑफिसात त्याने लॅमिनेट केलेला एक कागद दिला. डावीकडे इथलं खासगी कॉलेज, पॅकेज ६८ लाख. उजवीकडे महाराष्ट्रातलं एक डीम्ड (अभिमत विद्यापीठाचं) कॉलेज, १ कोटी ५ लाख. खाली ओळीने हॉस्पिटलच्या खाटा, ओपीडी, होस्टेल, मेस, घरापासूनचं अंतर. तो कागद आमच्या जेवणाच्या टेबलावर पडून असायचा. मी पेन्सिलीने खुणा करायचे. नवऱ्याचं म्हणणं, इथलं बरं, आठवड्याला घरी येईल. माझं म्हणणं, पेशंट जास्त तिथेच शिक्षण. सासूबाई महाराष्ट्राच्या बाजूच्या. भांडणं झाली, रुसवे झाले. भावजींना फोन केला तर तेही अर्धा तास होस्टेल आणि खाटा यावरच बोलले. त्या कागदावर एकच ओळ नव्हती: सीट द्यायची कोणी आणि कशावर. कुठलं घ्यायचं यात घर इतकं गुंतलं की यातलं काही याच्या हातात आहे का, हे विचारायला कोणी मोकळंच राहिलं नाही.

फक्त मुलीने विचारलं. तो म्हणाला होता, चॉइस फिलिंगमध्ये, म्हणजे पोर्टलवर कॉलेजांची पसंती भरताना, ही दोन्ही कॉलेजं टाकू नका, टाकलीत तर तुमचं नाव जनरलमध्ये जाईल आणि मॅनेजमेंटची सीट हातची जाईल. मुलगी लॅपटॉपसमोर बसली होती, पोर्टल उघडं होतं, लॉक करायला काही तास उरले होते. म्हणाली, “आई, पण लिस्टमध्येच नाही तर अलॉट कसं होईल?” तो समोरच्या खुर्चीत चहा घेत होता. हसला. “बेटा, तू फिजिक्स बघ, हे आमच्यावर सोड.” आणि मी, मीच, तिला म्हटलं, मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस. तिने गुपचूप इथल्या कॉलेजचं नाव काढलं आणि यादी लॉक केली. अठरा वर्षांच्या मुलीला जे दिसलं ते आम्हा तिघांना दिसलं नाही, असं आता नातेवाईक ऐकवतात. त्यांनी त्या खुर्चीत बसून बघावं. कोर्टाने दार लावलंय, मुलगी जेवत नाहीये, आणि एक माणूस शांतपणे सांगतोय की वाट आहे. कोणीही ऐकलं असतं.

डोक्यात कोरून ठेवा. सरकारी, खासगी, डीम्ड, एनआरआय, कुठल्याही कोट्यातली एमबीबीएसची जागा नीटच्या गुणवत्तेवर आणि समुपदेशनातूनच मिळते. राज्याच्या कोट्यातली जागा डीएमईच्या (राज्याच्या वैद्यकीय शिक्षण संचालनालयाच्या) पोर्टलवरून, डीम्डची एमसीसीकडून (केंद्राच्या मेडिकल काउन्सेलिंग कमिटीकडून). डीम्डसाठी एमसीसीकडे नोंदणीचे ५,००० आणि अनामत २,००,००० भरायची असते, आणि नियमात राहिलात तर अनामत परत मिळते. ते भरू नका, फुकट अडकतील, म्हणून त्याने आम्हाला थांबवलं. आणि स्वतः घेतले!

मग पत्र आलं. ‘प्रोव्हिजनल अलॉटमेंट लेटर’, जाड कागद, होलोग्राम, डीनची सही. खाली गोल शिक्का: मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया. ही संस्था २५ सप्टेंबर २०२० ला बंद झाली, तिच्या जागी नॅशनल मेडिकल कमिशन आलं. पाच वर्षांपूर्वी बंद पडलेल्या संस्थेचा शिक्का मारला होता मेल्याने. पत्र घेऊन आम्ही कॉलेजात गेलो तर गेटवरच्या वॉचमनने ते हातात न घेताच सांगितलं, “मॅडम, ऐसे लेटर रोज आते हैं।” दुसऱ्या फेरीची यादी लागली तेव्हा बघितलं, इथल्या त्याच कॉलेजात आमच्या मुलीच्या मागच्या रँकला जागा मिळाली होती. ती तिला सरळ मिळाली असती. पैशांपेक्षा मला हे जास्त जाळतं.

आता आपले अधिकारी. ठाण्यात पहिलाच प्रश्न, “पैसा आपने ही दिया ना?” मग, “पीछे के दरवाज़े से सीट चाहिए थी, तो…” आणि पुढे हसणं. आवेदन देऊन जा म्हणाले. दिलं. पावती मागितली तर मुन्शी (ठाण्यातला कारकून) जेवायला गेलेला. सायबर सेल म्हणते, माणूस तुमच्या घरी येऊन पोहे खाऊन गेला, यात सायबर काय? १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तर म्हणे उशीर झाला, तासाभरात करायला हवा होता. उशीर होणारच, फसलोय हे कळायलाच पत्र यावं लागलं! तरी १९३० मुळेच त्या बाईच्या खात्यातले ३८,४१२ रुपये गोठले, म्हणून तुम्ही मात्र लाजत बसू नका, कळलं त्या मिनिटाला फोन करा. बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात बँकेचं स्टेटमेंट आणा. १८१ वर सीएम हेल्पलाइनला तक्रार टाकली, खालच्या अधिकाऱ्याकडून (एल-१) वरच्याकडे (एल-२) गेली आणि एक दिवस मेसेज आला की समाधानपूर्वक बंद. कोणाचं समाधान? मला कोणी विचारलंसुद्धा नाही. मंगळवारच्या जनसुनवाईला, म्हणजे तक्रारी ऐकण्याच्या दिवशी, मोती तबेल्यात कलेक्टर ऑफिसला रांग लावली. साहेबांनी अर्जावर ‘आवश्यक कार्यवाही हेतु’ लिहिलं आणि तो अर्ज परत त्याच ठाण्यात, त्याच मुन्शीच्या टेबलावर. एवढी वर्षं प्रामाणिकपणे टॅक्स भरतोय, आणि गुन्हेगारासारखं आम्हालाच बाकावर बसवून ठेवतात.

शेवटी एका वकिलाने सांगितलं ते करा: फसवून पैसे घेणं, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), हा दखलपात्र गुन्हा आहे, आणि अशात एफआयआर नोंदवावीच लागते, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय. ठाणं ऐकत नसेल तर अर्ज स्पीड पोस्टाने डीसीपींना (पोलीस उपायुक्तांना) पाठवा, पोच जपून ठेवा, तरी हलले नाहीत तर मॅजिस्ट्रेटकडे. पोस्टाची पोच घेऊन गेले तेव्हा मुन्शी एकदम जेवून तयार होता.

एफआयआर झाली. पण रक्कम लिहिली ४,४६,०००. रोख दिलेल्या चार लाखांना पुरावा नाही म्हणतात. तो पैसे मोजत होता तेव्हा शेजारच्या सोफ्यावर आणखी एक जोडपं पिशवी घेऊन बसलेलं होतं, बाईंच्या मांडीवर निळी फाइल, मुलगा बारीकसा, चष्म्याचा. ते जोडपं, किंवा गीता भवनच्या त्या ऑफिसात रोख दिलेलं दुसरं कोणीही, ओळखीतलं असेल तर त्यांना हे दाखवा. पलासिया ठाण्यात स्वतःचा अर्ज द्या आणि तपास अधिकाऱ्याला सांगा की आमचीही रोखच होती.