प्रीस्कूलच्या तासांचे अर्धे पैसे: एका चाइल्डमाइंडरच्या सेवेविषयी

मूल सकाळी प्रीस्कूलमध्ये असताना त्या तासांचे पैसे चाइल्डमाइंडरला (स्वतःच्या घरी इतरांची मुले पैसे घेऊन सांभाळणाऱ्या व्यक्तीला) कशासाठी द्यायचे, हा प्रश्न इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेक आईवडिलांना कधी ना कधी पडतो. आमची मुलगी सप्टेंबर २०२३ पासून ऑगस्ट २०२५ पर्यंत एका नोंदणीकृत चाइल्डमाइंडरच्या घरी राहिली आणि त्यातल्या दुसऱ्या वर्षी तिचा दिवस प्रीस्कूल आणि ते घर असा विभागलेला होता. मुलांना माया लावणाऱ्या बायका अनेक भेटतात. पैशांचा आणि वेळेचा हिशेब इतका स्वच्छ ठेवणारी व्यक्ती मात्र मला पहिल्यांदाच भेटली, म्हणून हा अभिप्राय मुख्यतः त्या हिशेबाविषयी आहे.

मुलगी मे २०२४ मध्ये तीन वर्षांची झाली. आम्ही दोघेही नोकरी करत असल्यामुळे सप्टेंबरपासून तिला आठवड्याला ३० तास, वर्षातले ३८ आठवडे, सरकारी खर्चाने मिळणार होते. मात्र त्यासाठीचा कोड, म्हणजे पात्रता दाखवणारा सरकारी क्रमांक, ३१ ऑगस्टपर्यंत हातात असावा लागतो आणि दर तीन महिन्यांनी पात्रतेची पुन्हा खात्री करून द्यावी लागते. याची आठवण आम्हाला या चाइल्डमाइंडर बाईंनीच जूनमध्ये करून दिली आणि त्याच भेटीत नव्या कराराचे कागद पुढे ठेवले. सोमवार ते गुरुवार, सकाळी आठ ते संध्याकाळी साडेपाच, त्यातले नऊ ते बारा प्रीस्कूल. तासाचा दर ७ पौंड आणि प्रीस्कूलच्या तीन तासांसाठी जागा राखून ठेवण्याचा अर्धा दर, म्हणजे साडेतीन पौंड.

खरे सांगायचे तर तो अर्धा दर मला खटकला. त्यांनी न रागावता कारण सांगितले. एकट्याने काम करणाऱ्या चाइल्डमाइंडरला एका वेळी आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुले घेता येतात आणि त्यांपैकी शाळेत न जाणारी लहान मुले साधारणपणे तीनच असू शकतात. आमची मुलगी बारा वाजता परत येणार, सुट्टीत दिवसभर राहणार आणि मध्येच ताप आला तर प्रीस्कूलचा फोनही त्यांनाच जाणार, त्यामुळे तिची जागा सकाळपुरती दुसऱ्या मुलाला देणे त्यांना शक्यच नव्हते. शिवाय पावणेनऊला आणि पावणेबाराला बाकीच्या दोन मुलांना जोडबाबागाडीत बसवून, पाऊस असला तरी, चालत जावे लागे. एकदा मी घरून काम करत असताना हे स्वतः पाहिले: कुंपणापाशी उभ्या राहून त्या प्रीस्कूलच्या शिक्षिकेकडून सकाळी काय झाले ते ऐकत होत्या, एक हात गाडीवर आणि दुसऱ्या हाताने पिवळ्या वहीत टिपून घेत होत्या. ‘आज कात्री धरता आली, डबा अर्धाच खाल्ला’ असे दोन ओळींचे टिपण संध्याकाळी आमच्या हातात येई. मूल दोन ठिकाणी जात असेल तर त्या दोघांनी एकमेकांना माहिती देत राहावे, असा नियमच आहे. तो इतक्या मनापासून पाळणारे मी तरी दुसरे कोणी पाहिलेले नाही.

त्यांची खरी कसोटी पहिल्याच सत्रात लागली. ३० तासांपैकी १२ तास प्रीस्कूलकडे आणि १८ तास बाईंकडे, असे ठरले होते. प्रीस्कूलने मात्र आपल्या नेहमीच्या पाच सकाळी धरून १५ तासांचा फॉर्म पुढे केला आणि मी तो घाईत सही करून दिला. दोन्ही ठिकाणांची बेरीज ३३ झाल्यामुळे कौन्सिलने, म्हणजे स्थानिक प्रशासनाने, बाईंचे तीन तास नाकारले. हे पैसे कौन्सिलकडून थेट सांभाळणाऱ्या संस्थेला किंवा व्यक्तीला जातात, त्यामुळे तोटा त्यांचा होता आणि तो आमच्या बिलात चढवणे त्यांना सोपे होते. तसे न करता त्यांनी प्रीस्कूलच्या व्यवस्थापिकेला फोन केला, दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून तारखा जुळवल्या, माझ्याकडून दुरुस्तीची सही घेतली आणि पैसे येईपर्यंत वाट पाहिली.

बिल दर महिन्याला एका पानाचे असे: सरकारी तास, आमचे तास आणि राखीव तास, प्रत्येकाचा रकाना वेगळा. सत्राच्या आठवड्यात त्यांच्याकडच्या २६ तासांपैकी १८ सरकारी, उरलेल्या आठांचे ५६ पौंड आणि राखीव बारा तासांचे ४२, असे ९८ पौंड होत. सुट्टीत सरकारी तास नाहीत, त्यामुळे तोच आकडा २६६ वर जाई. टॅक्स-फ्री चाइल्डकेअर खात्यात आपण ८ पौंड भरले की सरकार २ घालते, तिमाहीला ५०० पौंडांच्या मर्यादेपर्यंत, तेवढाच आधार. ऑगस्टच्या बिलाचा अंदाज त्यांनी मे महिन्यातच लिहून दिला होता, म्हणून आम्ही त्या खात्यात आधीपासून थोडे थोडे भरत गेलो. आधी ज्यांच्याकडे चौकशी केली होती त्या दुसऱ्या चाइल्डमाइंडरने महिन्याची एकच गोळाबेरीज सांगितली होती आणि त्यात साहित्याचे पैसे किती, हे विचारल्यावर विषय बदलला होता.

तक्रारीही आहेत. पैसे एक तारखेला मिळालेच पाहिजेत, यावर त्या अडून बसतात. टॅक्स-फ्री खात्यातून रक्कम पोहोचायला दोन दिवस लागले तेव्हा करारातला दंड त्यांनी लावला आणि माफ केला नाही. बँक हॉलिडेचे (सार्वजनिक सुट्टीचे) पूर्ण पैसे घेतात, तेही मला पटत नाही. शुक्रवारी त्या मुले घेत नाहीत, त्यामुळे पाच दिवसांची नोकरी असणाऱ्यांना दुसरी सोय बघावी लागेल.

मे २०२५ मध्ये स्थानिक निवडणुकीच्या दिवशी प्रीस्कूलचा हॉल मतदानासाठी गेला आणि सकाळचा वर्ग रद्द झाला. आम्ही कळवण्याआधीच बाईंचा मेसेज आला की मुलीला नेहमीप्रमाणे आठ वाजता आणा, ती दिवसभर इथेच राहील. महिनाअखेरीच्या बिलात त्या तीन तासांपुढे लिहिले होते: ‘हॉल बंद, राखीव दरच लागू.’