कृषी पर्यटनाचं 'पॅकेज' घेताना पैसे नेमके कुठे जातात

महाराष्ट्रात कृषी पर्यटन केंद्राच्या नोंदणीचं सरकारी शुल्क २,५०० रुपये आहे. ते 'ग्रास' या सरकारी ऑनलाइन भरणा प्रणालीवर चलनाने भरायचं असतं आणि चलन शेतकऱ्याच्याच नावाने निघतं. हा एक आकडा वेळेवर कळला असता तर पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका जोडप्याचे पहिले ४५,००० रुपये वाचले असते आणि पुढचं बरंचसं नुकसानही टळलं असतं. त्यांच्या परवानगीने त्यांची हकीकत इथे देत आहोत. नाव-गाव मुद्दाम गाळलं आहे. तसंही फसवणारी माणसं जिल्हा बदलला की नाव बदलतात, पद्धत मात्र तीच ठेवतात.

साडेचार एकर जमीन, विहिरीचं पाणी, शेत डांबरी रस्त्याला लागून. हिवाळ्यात ओळखीची चार-दोन कुटुंबं हुरड्याला यायची आणि जाताना आपणहून पैसे देऊन जायची. यातून नीट व्यवसाय उभा राहील हा विचार बरोबरच होता. नात्यातल्या एकाने 'सल्लागार' घरी आणला. त्याने लॅपटॉपवर दुसऱ्यांच्या केंद्रांचे फोटो दाखवले आणि घरातल्या बाईंना म्हणाला, "ताई, सरकार साडेचार लाख देतंय, तेही तुमच्या नावावर. तुम्ही फक्त सह्या करायच्या."

ही साडेचार लाखांची गोष्ट पूर्ण खोटी नव्हती, म्हणूनच ती पटली. राज्याच्या २०२३ च्या 'आई' या महिला पर्यटन धोरणात महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, १२ टक्क्यांच्या मर्यादेत, परत मिळण्याची सोय आहे. ही मदत ७ वर्षं किंवा एकूण साडेचार लाख रुपये, यातलं जे आधी होईल तोपर्यंत मिळते. पण आधी कर्ज घ्यावं लागतं, हप्ते वेळेवर भरावे लागतात आणि मग व्याजाची रक्कम आधार जोडलेल्या खात्यात येते. हप्ता थकला की परतावा अडकतो. म्हणजे हे हातात पडणारं अनुदान नव्हे, भरलेल्या व्याजाची भरपाई आहे. सल्लागाराने 'परतावा' हा शब्द एकदाही उच्चारला नाही.

पहिले ४५,००० रुपये 'नोंदणी आणि फाइल'चे म्हणून गेले. त्या बदल्यात सोनेरी किनारीचं एक प्रमाणपत्र आलं, ते कुठल्याशा खासगी संस्थेचं होतं. संस्थेच्या नावात 'महाराष्ट्र', 'कृषी', 'पर्यटन' आणि 'विकास' हे सगळे शब्द होते. खरं प्रमाणपत्र पर्यटन संचालनालय देतं. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार त्यासाठी सातबारा, आधार, पॅन, वीजबिल, अन्न परवाना आणि शुल्काचं चलन लागतं. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, शुल्क १,००० रुपये. जेवण देणाऱ्या छोट्या केंद्राची अन्न सुरक्षेची मूळ नोंदणी वर्षाला १०० रुपये या दराने होत आली आहे. लघुउद्योग म्हणून करायची 'उद्यम' नोंदणी तर पूर्ण मोफत. कागद जमवून देणाऱ्याला मेहनताना जरूर द्यावा, पण सरकारी शुल्काचं चलन वेगळं आणि त्याच्या फीची पावती वेगळी मागावी. दोन्ही एकाच आकड्यात मिसळणारा माणूस दारातूनच परत पाठवावा.

त्यानंतर प्रकल्प अहवाल आला. सहा कॉटेज, प्रत्येकी दोन पाहुणे, माणशी १,५०० रुपये, महिन्याचे तीस दिवस: महिन्याला ५,४०,००० रुपये. गुणाकार बरोबर होता. पण पुण्यापासून दोन तासांवर, कोरडवाहू मुलखात, मंगळवारी रात्री मुक्कामाला कोण येणार? पाहुणे शनिवार-रविवारी येतात, म्हणजे महिन्यातल्या आठ रात्री. त्यातही नव्या केंद्रात निम्म्या जागा भरल्या तरी चांगलं म्हणायचं. तेव्हा हिशेब असा होतो: सहा पाहुणे, आठ रात्री, ७२,००० रुपये जमा. माणशी जेवणा-नाश्त्याचे ४०० धरले तर १९,२०० खर्च. दोन कामगारांचे २४,०००. वीज, धुलाई, किरकोळ मिळून ६,०००. उरले २२,८००. आणि १५ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण २५,७०० रुपये बसतो. बऱ्या महिन्यातही हप्ता निघत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात तर विचारायलाच नको. हा हिशेब कागदाच्या मागच्या बाजूला दहा मिनिटांत होतो. अहवालात तो नव्हता, कारण अहवाल बँकेला दाखवण्यासाठी केला होता, शेतकऱ्यासाठी नव्हे.

खरी लूट पुढे, कर्ज मंजूर झाल्यावर झाली. अशा कर्जात बँक बहुतेक वेळा पैसे कर्जदाराच्या हातात देत नाही, कोटेशन देणाऱ्याच्या खात्यात थेट वळते करते. इथे कोटेशन सल्लागाराच्याच भावाच्या फर्मचं होतं. १२ लाख एकदम तिकडे गेले. जोत्यापर्यंत काम झपाट्याने झालं, नंतर कामगार येईनासे झाले. तीन कॉटेज कशीबशी उभी राहिली, तीन जोत्यावरच राहिली. उभ्या राहिलेल्या कॉटेजच्या भिंतींना 'मरीन प्लाय' म्हणून जे लावलं होतं ते पहिल्याच पावसाळ्यात खालून फुगलं, थर सुटले, बोट लावलं की भुसा पडायचा. प्लायवर शिक्का असतो. पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवर आयएस ७१० असतं, साध्या प्लायवर आयएस ३०३. हा शिक्का फळी कापायच्या आधी बघायचा असतो. नंतर तो तुकड्यांत कुठेतरी जातो. संडासाची टाकी विहिरीपासून वीस-पंचवीस फुटांवर खोदली होती. हे अंतर किमान पन्नास फूट हवं आणि टाकी विहिरीच्या उताराकडच्या बाजूला हवी, नाहीतर ज्या पाण्यावर पाहुण्यांचं जेवण व्हायचं तेच पाणी बिघडतं.

असं कर्ज घ्यायचंच असेल तर शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा: रक्कम जोतं, भिंती, छप्पर, फिनिशिंग अशा टप्प्यांनी सोडावी आणि प्रत्येक टप्प्याला कर्जदाराची सही घ्यावी. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. कोटेशन किमान तीन ठिकाणचं मागवावं, त्यातलं एक तरी तालुक्यातल्या गवंड्याचं असावं.

सह्यांच्या ढिगात एक कुलमुखत्यारपत्रही, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागदही होता, 'सरकारी कामात तुम्हाला हेलपाटे नकोत म्हणून'. नशिबाने तो नोंदवलेला नव्हता. कागदाला नुसतं 'करारनामा' म्हणतात आणि आत २९ वर्षांचा भाडेपट्टा असतो, असंही होतं. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. नोंदला की त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात येऊ शकते. त्यामुळे व्यवहार चालू असताना दर महिन्याला डिजिटल सातबारा काढावा, १५ रुपयांत निघतो. 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गावातले प्रलंबित फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतले बदल, बघावेत. फेरफाराची नोटीस आली आणि तो मान्य नसेल तर हरकत घ्यायला १५ दिवस असतात. त्या दिवसांत तलाठ्याकडे तोंडी बोलून भागत नाही, लेखी हरकत आणि पोच लागते.

आम्हाला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं की या शेताला कॉटेजची गरजच नव्हती. हुरड्याचा पाहुणा सकाळी नऊला येतो आणि संध्याकाळी पाचला जातो. त्याला सावली, स्वच्छ संडास, हात धुवायला पाणी, गाडी लावायला जागा आणि पोटभर जेवण हवं. चाळीस-पन्नास माणसांना चार संडास, दोन बायकांचे दोन पुरुषांचे, एवढं पक्कं बांधकाम पहिल्या वर्षी पुरतं. सावलीला मांडव चालतो.

बाकीचा पैसा शेतात घालावा. रब्बी ज्वारीचा हुरडा पेरणीनंतर साधारण ९० ते १०० दिवसांनी तयार होतो, आणि एका पट्ट्यातलं कणीस दुधाळ-कोवळं राहतं ते आठवडाभरच. सगळं रान एकदम पेरलं तर एकाच शनिवार-रविवारी सगळा हुरडा आणि पुढच्या आठवड्यात नुसती ज्वारी, असं होतं. म्हणून सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत दर आठवड्याला पाच-पाच गुंठ्यांचा पट्टा पेरावा. डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत दर सुट्टीला कोवळं कणीस हाताशी राहतं. सुरती, गूळभेंडी हे जुने वाण गोड आणि मळायला सोपे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले उत्तरा, फुले मधुर आणि परभणीचा परभणी वसंत हे खास हुरड्याचे वाण आहेत. या गोड वाणांवर पाखरं तुटून पडतात, राखणीचा माणूस धरूनच हिशेब करावा. हुरडा भाजायच्या आगटीला गोवऱ्या पावसाळ्याआधी थापून कोरड्या ठेवाव्यात. ओल्या गोवरीचा धूर हुरड्याला लागला की चव जाते. माणशी ७०० रुपये धरले तर चाळीस पाहुण्यांचे दिवसाला २८,००० होतात, आणि त्यासाठी १५ लाखांचं कर्ज लागत नाही. दोन हंगाम असे गेले, पाहुणे मुक्कामाचं विचारू लागले, की एक खोली बांधावी.

केंद्र चालू झाल्यावर फसवणूक फोनवरून होते. 'आर्मी कॅम्पमधून बोलतोय, साठ जणांची सहल आणायची आहे' असा फोन येतो. घासाघीस नाही, दर लगेच मान्य. मग 'आमचं पेमेंट वेगळ्या पद्धतीनं होतं, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील'. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. दुसऱ्या प्रकारात २,५०० ऐवजी २५,००० जमा झाल्याचा एसएमएस येतो आणि 'चुकून जास्त गेले, परत करा' अशी घाई केली जाते. तो एसएमएस बँकेचा नसतो. आधी खात्यातली शिल्लक बघावी. गुगल मॅपवरचा केंद्राचा फोन नंबरही दर आठवड्याला तपासावा. तिथे दुसऱ्याने बदल सुचवून स्वतःचा नंबर घातला की पाहुण्यांचा ॲडव्हान्स त्याच्याकडे जातो आणि भांडायला ते आपल्या दारात येतात. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरायच्या आत ती गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते.

या जोडप्यासारख्या प्रकरणात पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर हमखास 'हे दिवाणी आहे' असं मिळतं. खोटं प्रमाणपत्र देऊन पैसे घेणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ तिला लागतं. तक्रारीत तारीखवार लिहावं: कोणत्या दिवशी काय सांगितलं, त्यावर विसंबून किती रक्कम, कोणत्या खात्यात दिली. सोबत बँकेचा उतारा, व्हॉट्सॲपचे संदेश, ते प्रमाणपत्र आणि अर्धवट कामाचे तारखेसह फोटो जोडावेत. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर तीच पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येते, ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे.

अर्धवट आणि निकृष्ट बांधकामासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. 'हा व्यापारी व्यवहार आहे, तुम्ही ग्राहकच नाही' असा बचाव समोरचा वकील घेतो. त्यासाठी तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहावं की हे केंद्र स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून, घरातल्या माणसांनी चालवायचं होतं.