हिरव्या पाण्यावर यूव्ही: काही महिने वापरल्यानंतर

६० लिटरच्या मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या फिश टँकवर ९ वॅटचा यूव्ही (पाणी अतिनील प्रकाशातून वाहवणारं यंत्र) लावून आता बरेच महिने झाले. निकाल आधीच सांगून टाकतो. हिरवं पाणी घालवायला यापेक्षा सरळ उपाय माझ्या पाहण्यात नाही. पण ते पुन्हा हिरवं होऊ नये म्हणून हे यंत्र जवळजवळ काहीच करत नाही. खोक्यावर अर्थातच पहिलीच गोष्ट छापलेली असते.

टँकमध्ये क्लाउनफिशची जोडी, एक गोबी, क्लीनर श्रिंप, गोगलगायी आणि झोआ-मश्रूमसारखी सोशिक कोरल्स आहेत. पाणी इतकं हिरवं झालं होतं की मागच्या काचेवरचा हीटर दिसायचाच नाही, नुसता त्याचा लाल दिवा दिसायचा. मासे मात्र मजेत होते. हिरवं पाणी त्यांच्यापेक्षा आपल्यालाच जास्त छळतं.

यूव्ही घेण्याआधी एक करा. पांढऱ्या मगमध्ये टँकचं पाणी भरा आणि वरून बघा. हिरवट छटा दिसली, रात्रभर ठेवूनही तळाशी काही बसलं नाही, तर ते पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ, म्हणजे फायटोप्लँक्टन. सकाळी तळाशी पांढरी पूड बसलेली दिसली तर ती वाळूची धूळ असेल, नाहीतर कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण) एकदम वाढवल्यामुळे तयार झालेला चुना. त्यावर यूव्हीचा काडीचा उपयोग नाही. दुधाळ दिसतंय आणि खालीही बसत नाही, तर बहुतेक बॅक्टेरियांचा उद्रेक. तो यूव्हीने कमी होतो, पण नव्या टँकमध्ये बऱ्याचदा आपोआपच ओसरतो, त्यामुळे नुसत्या तेवढ्यासाठी यंत्र घेऊ नका.

वॉटर चेंजने हिरवं पाणी का जात नाही, हे एकदा कळलं की बरेच कष्ट वाचतात. अनुकूल परिस्थितीत शेवाळाच्या या पेशी दिवसाभरातही दुप्पट होतात. तुम्ही २० टक्के पाणी बदललंत तरी उरलेले ८० टक्के ती तूट लगेच भरून काढतात. फिल्टरमधल्या पांढऱ्या लोकरीतूनही त्या आरपार जातात, कारण त्यांतल्या कित्येक जेमतेम २-३ मायक्रॉनच्या असतात. राहता राहिली बाटलीतली शेवाळनाशकं. गोड्या पाण्याच्या टँकसाठी मिळणाऱ्या अशा काही औषधांत तांबं असतं आणि तांब्याने श्रिंप, गोगलगायी, कोरल्स मरतात. कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी तो प्रयोग मरीन टँकवर करू नका.

यूव्हीचं काम सोपं आहे. नळीच्या आत २५४ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश असतो. त्यातून जाणाऱ्या पेशीचा डीएनए बिघडतो आणि तिची वाढ थांबते. मात्र पेशीला त्या प्रकाशात पुरेसा वेळ मिळायला हवा. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. पंप जितका जोरात तितकं पाणी लवकर साफ, असं वाटतं, पण फार जोरात पाणी गेलं तर पेशी नुसती भाजून निघते, मरत नाही. खोक्यावर लिहिलेला सर्वात मोठा प्रवाह ही वरची मर्यादा समजायची. मी येणाऱ्या पाइपवर व्हॉल्व्ह लावून प्रवाह त्याच्या निम्म्याच्या आसपास ठेवलाय. पांढरे डाग पाडणाऱ्या परजीवींसाठी तर याहूनही संथ पाणी लागतं, त्यामुळे या आकाराच्या यंत्राकडून रोग आटोक्यात येण्याची आशा धरू नये.

पहिल्या दिवशी काहीच फरक दिसला नाही. मग हिरवा रंग विटत राखाडी झाला, आणि आठवडा संपायच्या आत मागच्या काचेवरचे हीटरचे रबरी चोषक एकेक मोजता येऊ लागले. त्या काळात स्किमरचा (फेसातून घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा) कप रोज काळपट हिरव्या चिकट पाण्याने भरायचा. मेलेलं शेवाळ कुजताना ऑक्सिजन खातं, म्हणून पंपाचं तोंड वर करून पृष्ठभाग चांगला खळबळता ठेवा. स्किमर नसेल तर लोकर रोज बदला आणि अमोनियावर नजर ठेवा.

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. पाणी हिरवं असताना फॉस्फेटची, म्हणजे शेवाळाच्या खताची, टेस्ट अगदी देखणी यायची, कारण सगळं फॉस्फेट शेवाळाने गिळलेलं होतं. पाणी नितळलं आणि आकडा वर गेला. यूव्ही पेशी मारतो, पेशीतलं खत कुठेही नेत नाही. ते पाण्यातच सुटतं. पाठोपाठ दगडांवर केसाळ शेवाळ उगवायला लागलं, आणि त्याला यूव्ही काहीच करू शकत नाही, कारण ते नळीतून जातच नाही. (याच कारणाने दगडांवरचे उपयोगी नायट्रिफाइंग बॅक्टेरियाही सुरक्षित राहतात. ती भीती बाळगू नका.)

म्हणून पुढचे काही आठवडे यंत्रापेक्षा खाद्याकडेच लक्ष दिलं. फ्रोझन खाद्य वितळलं की ते पाणी टँकमध्ये न ओतता गाळणीत धुऊन घ्यायचं. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी फक्त शून्य टीडीएसच्या (विरघळलेले क्षार नसलेल्या) आरओ-डीआय फिल्टरच्या पाण्याने भरायचं, कारण वाफ होऊन फक्त पाणी उडतं, नळाच्या पाण्यातलं बाकी सगळं टँकमध्येच साठत जातं. दिवे आठ तासांवर आणले. फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणेही वापरले, पण चिमटीचिमटीने. एकदम खाली आणलं तर कोरल्स मिटून बसतात. ०.०३ ते ०.१ पीपीएम इतकं ठेवलंय. शून्याचा हट्ट नको, शून्यावर डायनोफ्लॅजेलेट्स नावाचा तपकिरी, बुडबुडे धरलेला शेंबूड येतो आणि तो हिरव्या पाण्याहून चिवट.

देखभालीत खरी कटकट क्वार्ट्झच्या नळीची. बल्ब आणि पाणी यांच्यामध्ये ही काचेची नळी असते आणि मरीन पाण्यात तिच्यावर पांढरट खरबरीत थर चढतो. प्रकाश तिथेच अडतो, बाहेरून मात्र निळी झाक तश्शीच दिसत राहते. दर दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून, यंत्र उघडून नळी व्हिनेगरमध्ये भिजत ठेवतो. थर सुटला की मऊ कापडाने पुसायची. रबरी रिंगला थोडं सिलिकॉन ग्रीस लावून बसवलं तर गळत नाही. माझ्या यंत्राचं झाकण फिरवताना नळीवर इतका ताण येतो की दर वेळी श्वास रोखला जातो. ही रचना मला अजिबात आवडलेली नाही.

उष्णता हा दुसरा मुद्दा. मोठ्या टँकमध्ये ९ वॅट कुठल्या कुठे जिरतात, पण ६० लिटरला यूव्ही आणि त्याचा पंप मिळून एखाद्या अंशाने पाणी तापवतात. मी २५ अंशांवर ठेवतो, त्यामुळे गरम दिवसांत यूव्ही फक्त रात्री, टायमरवर चालतो. माशांना औषध देताना किंवा बाटलीतले जिवंत बॅक्टेरिया, कोरल्ससाठी जिवंत फायटोप्लँक्टन टाकताना तर तो बंदच ठेवायचा. आणि उघडा बल्ब पेटवून बघायची हौस कोणी करू नये, डोळ्यांना आणि कातडीला तो प्रकाश इजा करतो.

बल्ब साधारण ८,००० ते ९,००० तासांनी, म्हणजे सतत चालू ठेवला तर वर्षभरात बदलावा लागतो. पेटतोय म्हणून चालतोय असं धरू नका. घेताना वॅट किती यापेक्षा हे विचारा: याच पिनांचा बल्ब सुटा मिळतो का, आणि क्वार्ट्झची नळी वेगळी मिळते का. नळी मिळत नसेल तर ते यंत्र घेऊच नका, कारण तडकणार ती नळीच. बल्बमध्ये पारा असतो, तेव्हा जुना बल्ब रोजच्या कचऱ्यात न टाकता ट्यूबलाइटसारखाच वेगळा द्यायचा.