सिरॅमिक की सेमी-मेटॅलिक?

इंजिन रिमॅप करून, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बदलून, गाडीची ताकद वाढवली, आता ब्रेक पॅड कोणते घ्यायचे इथे अडलेल्यांसाठी हे. खोक्यावरचं 'रेसिंग' वगैरे सोडून द्या.

खरा प्रश्न उष्णतेचा. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये वजनाच्या साधारण ३० ते ६५ टक्के धातू असतो. घाट उतरताना लागोपाठ ब्रेक मारले तरी पकड सहसा टिकते. रोजच्या वापरासाठी बनवलेले सिरॅमिक तिथे लवकर हात टेकतात. मात्र धातूमुळे उष्णता कॅलिपरकडेही (पॅड डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर, दाबणारा भाग) आणि त्यातल्या ब्रेक ऑइलकडेही जाते, म्हणून ब्रेक ऑइल जुनं असेल तर आधी ते बदला. ते ओलावा शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, तापल्यावर ते लवकर उकळतं आणि पेडल मऊ पडतं. मग पॅड कितीही भारी असोत.

बाकी बाबतींत सिरॅमिक सरस: डिस्क कमी खातात, किंचाळत नाहीत, चाकं फार काळी करत नाहीत. किंमत बहुधा त्यांचीच जास्त.

गाडी मुख्यतः ऑफिसला नेत असाल तर सिरॅमिक. अधूनमधून जोरात पळवणार असाल तर सेमी-मेटॅलिक, आवाज सोसून. नेहमी ट्रॅकवर जाणाऱ्यांनी खास ट्रॅकचेच पॅड घ्यावेत, पण ते थंड असताना नीट धरत नाहीत, तेव्हा घरी निघण्याआधी उतरवावेत.